चित्रपुस्तकाची कल्पना: सापडल्यावर तिला वेळ कसा द्यायचा

पाच वर्षांच्या भाचीला घेऊन मी मंडईत गेले होते. निळा शर्ट घातलेले एक गृहस्थ थांबले आणि तिला म्हणाले, "काय गं, आज डबा नाही आणलास?" ती माझ्या ओढणीमागे लपली. मी म्हटलं, "अगं, आपले गिरणीवाले काका!" तिने डोकं बाहेर काढून त्यांना नीट न्याहाळलं आणि ठामपणे सांगितलं, "नाही. ते पांढरे असतात."

घरी आल्यावर मी वहीत तेवढंच वाक्य लिहिलं आणि खाली तारीख टाकली. त्या वाक्यातून सोळा पानांचं चित्रपुस्तक उभं राहायला पुढे जवळपास दोन वर्षं गेली. लहान मुलांसाठी चित्रपुस्तक लिहावंसं ज्यांना पहिल्यांदाच वाटतंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. तो मी याच वाक्याच्या आधाराने सांगणार आहे, कारण कल्पना सुचते कशी यावर पुष्कळ बोललं जातं, पण सुचल्यानंतर तिचं काय करायचं हे आपल्याला कुणी शिकवत नाही.

पायरी पहिली: विषय आणि कल्पना यांतला फरक ओळखा

नवीन लिहिणाऱ्यांना विचारलं, की उत्तर येतं: "मला पाणी वाचवा यावर पुस्तक करायचंय", "मोबाइलच्या दुष्परिणामांवर", "आजीआजोबांच्या प्रेमावर". हे सगळे विषय झाले, आणि त्यातले बरेचसे तर मोठ्यांनी मुलांना करायचे उपदेश आहेत. त्यात अजून कुणी माणूस नाही, वस्तू नाही, काही अडलेलं नाही.

कल्पनेत काहीतरी अडलेलं असतं. "ते पांढरे असतात" या वाक्यात एका मुलीची पक्की खात्री आहे आणि ती चुकीची आहे, हे आपल्याला दिसतंय. शिवाय तिचं चुकणं अगदी रास्त आहे. गिरणीतल्या काकांना तिने कधी पिठाशिवाय पाहिलेलंच नाही. मुलाला जे दिसतं आणि प्रत्यक्षात जे असतं, त्यांच्यामधल्या फटीत चित्रपुस्तकाला जागा मिळते, कारण एक गोष्ट शब्द सांगू शकतात आणि दुसरी चित्र.

सुरुवातीलाच लावून पाहावी अशी एक कसोटी आहे. तुमची गोष्ट चित्रांशिवाय कुणाला फोनवर सांगा. ती पूर्ण समजली आणि काहीच उणं वाटलं नाही, तर ती चांगली बालकथा असेल, पण मासिकासाठी. 'किशोर'सारख्या मासिकाला तिची गरज आहेच, तिथे ती जरूर पाठवा. चित्रपुस्तकाची गोष्ट फोनवर सांगताना मात्र आपण मध्येच अडतो आणि म्हणतो, "थांब, हे दाखवायला हवं."

पायरी दुसरी: वही, आणि ती कुठे घेऊन बसायचं

वही खिशात मावेल एवढी असावी. फोनमध्ये लिहिलं तरी चालतं, पण माझा अनुभव असा की फोनमधली नोंद पुन्हा उघडली जात नाही आणि वहीची पानं चाळताना जुन्या नोंदी आपोआप नजरेखालून जातात. पुढे सांगणार असलेलं सगळं काम या चाळण्यावरच उभं आहे.

एक महिना रोज एक नोंद करा. ती चांगली असायलाच हवी असं नाही. मूल जे बोललं ते शब्दाला शब्द लिहा, सुधारून लिहू नका. माझ्या भाचीचं वाक्य मी "तिने काकांना ओळखलं नाही" असं लिहून ठेवलं असतं, तर त्यातला "पांढरे" हा शब्द गेला असता आणि त्याच्याबरोबर अख्खं पुस्तक. तीस नोंदींतल्या दोन-तीनच पुढे जातील. तेवढं पुरे.

आता कुठे पाहायचं? माझ्या वहीत सगळ्यात जास्त धान्य तीन ठिकाणांहून आलंय.

पहिलं ठिकाण म्हणजे मुलाची उंची. हे अक्षरशः घ्या. पुढच्या लग्नात पंगतीच्या टेबलाशेजारी दहा मिनिटं जमिनीवर बसा. तिथून चेहरे दिसत नाहीत, दिसतात पाय: कोल्हापुरी, पैंजण, भाड्याच्या शेरवानीखालचे शाळेचे काळे बूट, नऊवारीचा काष्टा, कुणीतरी गुपचूप काढून ठेवलेल्या उंच टाचेच्या चपला. अख्खं लग्न फक्त पायांवरून सांगता येईल, हे मला तिथे बसेपर्यंत कधीच कळलं नव्हतं.

दुसरं ठिकाण आपली भाषा. आपण बोलताना ज्या गोष्टी सहज म्हणून जातो, त्या मूल खऱ्या धरतं. "पायाला मुंग्या आल्या" म्हटल्यावर मूल खाली वाकून मुंग्या शोधतं. "पोटात कावळे ओरडताहेत" ऐकल्यावर बाबांच्या पोटाला कान लावतं. डोळा लागतो, कान टवकारतात, तोंडाला कुलूप बसतं. मराठीत शरीरावरचे असे वाक्प्रचार डझनांनी आहेत आणि प्रत्येकात एक चित्र आधीच तयार बसलंय. हे बीज दुसऱ्या भाषेतून उसनं आणता येणार नाही, म्हणून मला ते जास्त मोलाचं वाटतं.

तिसरं ठिकाण तुमचं स्वतःचं बालपण, पण त्यातल्या गोड आठवणी नव्हेत. मामाच्या गावची सुट्टी, आंब्याची अढी, चुलीवरचं जेवण हे सगळं मोठ्यांना आवडतं. मुलांना त्यात काही घडताना दिसत नाही. त्याऐवजी कशाची भीती वाटायची, कशाची लाज वाटली होती, कोणती गोष्ट खोटी असूनही खरी वाटायची, ते आठवा. परसातल्या संडासापर्यंत रात्री कंदील घेऊन जाणं कसं होतं, याची एक ओळ सुट्टीवरच्या चार पानांना भारी पडते.

पायरी तिसरी: लगेच लिहायला बसू नका

ही पायरी सगळ्यात लांब आहे आणि बहुतेक जण ती गाळतात.

मीही गाळली होती. मंडईतल्या प्रसंगानंतर आठच दिवसांत मी एका बैठकीत गोष्ट लिहिली. मुलगी काकांना ओळखत नाही, आई तिला समजावते की काका दिवसभर आपल्यासाठी राबतात, मुलगी काकांना पाणी देते. श्रमाचं मोल! ज्या मोठ्यांना वाचून दाखवली, त्यांनी कौतुक केलं. मग एका वाचनालयात सहा-सात मुलांसमोर वाचली. तिसऱ्या पानाला एक मुलगा शांतपणे उठून पाणी प्यायला गेला. परत आला तेव्हा "काय झालं मध्ये?" असं त्याने कुणालाही विचारलं नाही.

गोष्ट वाईट लिहिली होती असं नाही, ती फार लवकर लिहिली होती. पहिलं जे उत्तर सुचतं ते सगळ्यांनाच सुचतं. ते बाजूला झाल्याशिवाय त्या बीजाचं स्वतःचं उत्तर वर येत नाही.

म्हणून आता मी असं करते. जे बीज पुढे न्यावंसं वाटतं, त्याला मोठ्या वहीत एक पूर्ण कोरं पान देते. दर पंधरा दिवसांनी त्या पानावर परत येते आणि फक्त प्रश्न लिहिते. उत्तरं लिहायची नाहीत, गोष्ट तर नाहीच नाही. गिरणीच्या पानावर जमलेले काही प्रश्न असे होते:

घरी गेल्यावर काकांचं पीठ कुठे जातं?
पापण्यांवरचं पीठ निघत असेल का?
मुलीला काका हवेच कशाला आहेत?
पांढरं असणं म्हणजेच काका, असं तिला वाटत असेल, तर ती दुसऱ्या पांढऱ्या माणसाला काका समजेल का?
पांढरेपणा सोडला, तर ती त्यांना ओळखणार कशावरून?

शेवटचा प्रश्न चार महिने तसाच पडून होता. मग एके दिवशी दळणाच्या रांगेत उभी असताना लक्ष गेलं. डबा भरत आला की काका त्यावर हाताने थापा मारतात, म्हणजे पीठ खाली बसतं आणि झाकण लागतं. दोन पटापट आणि एक जरा थांबून. टप टप… टप. प्रत्येक डब्याला तसंच. मी वर्षानुवर्षं तो आवाज ऐकत होते. पण मनात प्रश्न नव्हता म्हणून तो कानावरून निघून जात होता.

उत्तर असं बाहेरून येतं. पण ते आपल्याकडे यावं यासाठी प्रश्न आधीच वहीत बसलेला लागतो. घरी बसून डोकं खाजवून मला ते कधीच सापडलं नसतं.

नामांकित पुस्तकांचीही हीच कहाणी आहे. अमेरिकन चित्रपुस्तककार मॉरिस सेंडाक यांनी १९५५ मध्ये एका गोष्टीचा कच्चा आराखडा केला, त्यात जंगली घोडे होते. घोडे त्यांना मनासारखे काढता येईनात. पुढे घोड्यांच्या जागी अजस्र, दातांचे, केसाळ प्राणी आले, आणि त्यांचे चेहरे लहानपणी घरी येऊन गाल ओढणाऱ्या नातेवाइकांवरून सुचलेले होते. 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' १९६३ मध्ये प्रसिद्ध झालं. साडेतीनशेपेक्षा कमी शब्दांच्या मजकुरामागे आठ वर्षं आहेत. 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' या चित्रपुस्तकाचे कर्ते एरिक कार्ल कागदाच्या गठ्ठ्याला पंचिंग मशीनने भोकं पाडत बसले होते, त्यातून त्यांना पुस्तक पोखरणारा किडा सुचला. किडा संपादकांना रुचला नाही, आणि बोलता बोलता त्याचा सुरवंट झाला. भोकं मात्र तशीच राहिली. प्राणी बदलला तरी बीज टिकलं, हे इथे पाहण्यासारखं आहे. तुमच्या नोंदीतलं न बदलणारं नेमकं काय आहे, ते ओळखा. बाकी सगळं बदलायची तयारी ठेवा. माझ्या गोष्टीत आई गेली, पाण्याचा पेला गेला, श्रमाचं मोल गेलं. पांढरेपणा राहिला.

पायरी चौथी: सांगाडा लोककथांकडून घ्या

प्रश्न पुरेसे झाले, की गोष्टीला हाडं हवीत. ती आपल्या घरात आहेत.

चिमणीचं घर मेणाचं आणि कावळ्याचं शेणाचं. कावळा भिजत दाराशी येतो, "चिऊताई, चिऊताई, दार उघड." चिऊताई म्हणते, "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे." मग पावडर, मग तीट. दोन-तीन वर्षांचं मूल ही गोष्ट ऐकताना पुढचं वाक्य आपल्याआधी म्हणतं. पुढे भोपळ्यात बसून परतणारी म्हातारीही, जाताना वाटेत भेटणाऱ्या प्रत्येक जनावराला लेकीकडे जाऊन जाडजूड होण्याचा तोच वायदा करते. एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं, प्रत्येक वेळी एक तपशील बदलतो, आणि शेवटी ते वाक्य मोडतं. मुलाला पुढचं माहीत असतं म्हणून ते सामील होतं आणि शेवटी वेगळं घडतं म्हणून ते चकित होतं.

मी तेच केलं. गोष्टीतल्या मुलीचं नाव मिनू ठेवलं. तिच्या डब्याला घरी आल्यावर झाकण बसेना, कारण गिरणीत झाकणांची अदलाबदल झाली होती; झाकणावर भलत्याच कुणाचं तरी नाव कोरलेलं. आता तिला काका हवेतच. पण गिरणीला कुलूप. मग ती पांढरी माणसं शोधत निघते. भिंतीला चुना देणारे दादा, खडूने माखलेले सर, पिठीसाखरेत हात बुडवलेले मिठाईवाले. प्रत्येक वेळी तेच वाक्य: "पांढरे तर आहेत. पण काका नाहीत."

शेवटी मंडईत निळा शर्ट घातलेला एक पाठमोरा माणूस कलिंगड पिकलंय का ते थापा मारून बघतो. टप टप… टप.

हे जुळलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि मी स्वयंपाकघरात उभी होते. असा क्षण प्रत्येक बीजाला येत नाही. माझ्या वहीत अशी वीसेक पानं आहेत जिथे फक्त प्रश्न आहेत. ती पानं फाडू नका.

पायरी पाचवी: कागद दुमडून पुस्तक करा

ए-फोर आकाराचे चार कागद एकावर एक ठेवा, मधोमध दुमडा, मध्ये दोरा किंवा स्टेपलची पिन घाला. सोळा पानं झाली. आठ कागद घेतले तर बत्तीस होतील. पुस्तकं अशाच आकड्यांत का असतात? छापखान्यात मोठ्या कागदावर बरीच पानं एकदम छापतात आणि मग तो कागद घडी घालून कापतात. सोळा पानांचा एक फॉर्म धरतात. परदेशी चित्रपुस्तकं बहुतेक बत्तीस पानांची असतात. आपल्याकडे किंमत आवाक्यात ठेवायला सोळा किंवा चोवीस पानंही चालतात. अकरा पानांची गोष्ट लिहून नेली, तर तिला बसायला पुस्तकच नाही.

आता मजकूर कात्रीने कापून पानांवर चिकटवा. चित्र काढता येत नसलं तरी काडीची माणसं काढा, कुणाला दाखवायची नाहीत. पान १ शीर्षकाचं. २-३ पासून १४-१५ पर्यंत सात जोडपानं, आणि १६ वर शेवट. माझी वाटणी अशी झाली: २-३ गिरणी आणि थापा, ४-५ झाकण आणि कुलूप, ६-७ चुना, ८-९ खडू, १०-११ पिठीसाखर, १२-१३ कलिंगडं, १४-१५ ओळख, १६ झाकण बसलं.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम पान उलटण्याचं आहे. उघडलेल्या पुस्तकात डावं-उजवं पान मुलाला एकदम दिसतं, त्यामुळे डावीकडे प्रश्न आणि उजवीकडे उत्तर ठेवलं तर गुपित राहतच नाही. पहिल्या कच्च्या प्रतीत माझा "टप टप… टप" आणि कलिंगडाशी उभे काका एकाच जोडपानावर आले होते. मग मी आवाज आधीच्या उजव्या पानाच्या, म्हणजे ११ च्या, अगदी खालच्या कोपऱ्यात नेला. आता मूल आवाज ऐकतं, कुठून आला ते दिसत नाही, आणि पान उलटायला स्वतःच हात पुढे करतं.

पायरी सहावी: चित्राचं काम चित्राला द्या

माझा पहिला मजकूर: "मिनूने पिवळा फ्रॉक घातला. डोक्यावर स्टीलचा मोठा डबा घेऊन ती धावत धावत गिरणीपाशी गेली. पण गिरणीला भलंमोठं कुलूप होतं."

आताचा: "मिनू धावत गिरणीपाशी गेली. अरेच्चा!"

फ्रॉक, डबा, कुलूप सगळं चित्रात येणार. शब्दांनी फक्त ते सांगायचं जे चित्राला सांगता येत नाही: आवाज, वेळ, मनातला विचार. १४-१५ या जोडपानावर तर मी एकही शब्द ठेवला नाही. तिथे फक्त काकांचा कान दिसतो, आणि कानाच्या पाळीमागे धुवायचं राहिलेलं चिमूटभर पीठ.

मजकूर ६४० शब्दांवरून २७० वर आला. तुलनेसाठी एक माप देते: प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर पहिल्या पातळीच्या गोष्टी २५० शब्दांच्या आत असतात, दुसऱ्या पातळीच्या ६०० पर्यंत. २०१५ पासून चालू असलेल्या या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी फुकट वाचता येतात. त्यातल्या दहा गोष्टींचा नुसता मजकूर हाताने वहीत उतरवून काढा. कुठे शब्द थांबलेत आणि चित्र बोलतंय, हे हाताला कळतं. वाचनालयात ज्योत्स्ना प्रकाशन, तुलिका आणि नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तकंही हातात घेऊन बघा. पान उलटण्याचा अंदाज पडद्यावर येत नाही.

पायरी सातवी: मुलांसमोर वाचा, पण मत विचारू नका

"आवडली का?" असं विचारलं की मूल हो म्हणतं. त्याऐवजी बघा. नजर कुठे सुटते, बोट कुठे ठेवलं जातं, कोणतं वाक्य तुमच्याआधी येतं. आपल्या घरची मुलं आपल्यावर प्रेम करतात, म्हणून निदान एकदा अनोळखी मुलांसमोर वाचा. जवळची अंगणवाडी किंवा वाचनालय बहुधा आनंदाने तयार होतं. आणि वाचताना तुमची जीभ जिथे अडखळते तिथे खूण करा. आई दिवसभराच्या कामानंतर झोपाळलेल्या आवाजात हे पुस्तक वाचणार आहे, तिचीही जीभ तिथेच अडखळेल.

माझ्या वाचनात दुसऱ्या वेळी मुलं जमिनीवर थापा मारू लागली. एका मुलीने विचारलं, "मग ते दुसरं झाकण कुणाचं होतं?" हे मी पूर्ण विसरले होते. पान १६ वरच्या चित्रात आता मागे एक आजी हातात डबा घेऊन उभी आहे.

पाठवताना

प्रकाशकाला फक्त मजकूर पाठवा, पानांची वाटणी दाखवून. चित्रकार तुम्हीच आणायला हवा असं नाही, बहुतेक वेळा तो प्रकाशक निवडतात. चित्रासाठी सूचना अगदी गरजेच्याच द्या. मी एकच दिली होती: कानामागचं पीठ. प्रत्येक प्रकाशकाचे नियम वेगळे असतात, ते वाचून पाठवा आणि उत्तराला काही महिने लागतील हे धरून चाला. त्या महिन्यांत वहीतलं दुसरं पान उघडा.

माझ्याकडे सध्या मुंग्यांचं पान उघडं आहे. मांडी घालून बसलेल्या मुलाच्या पायाला मुंग्या आल्या, थोड्या वेळाने त्या गेल्या. काल रात्री त्या पानावर नवा प्रश्न लिहिला: गेल्या, तर कुणाच्या पायाकडे गेल्या?